घरच्या बिअरला नको ती चव, नको तो वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी येथे राहून हौसेने घरी बिअर करणाऱ्या मराठी मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. तापमान सर्वत्र सेल्सिअसमध्ये आहे आणि प्रमाणे २० लिटरच्या बॅचसाठी आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चव बिघडली आहे एवढे कळते, पण नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही. सुरुवात कुठून करावी?

कारण शोधण्याआधी वासाला नाव द्यावे, आणि ते खुशाल मराठीत द्यावे. बिअर-संशोधक मॉर्टन मेलगार्ड यांनी १९७० च्या दशकात मांडलेले बिअरच्या चवींचे चक्र परीक्षक आजही वापरतात. पण त्यातले शब्द ज्या स्वयंपाकघरांतून आले ती आपली नव्हेत. खवट शेंगदाणे, कुबट गोधडी, करपलेले दूध, कळकलेले ताक, कच्ची सुपारी यांच्या चवी आणि वास आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत, आणि दोष ओळखायला तेवढे भांडवल पुरते.

बिअर फ्रिजमधून काढून १० ते १२ अंशांवर येऊ द्यावी, कारण अतिथंड बिअरमध्ये दोष झाकले जातात. ग्लास एक तृतीयांश भरावा, त्याच्या तोंडावर तळहात ठेवून तो गोल हलवावा आणि दोन-तीन आखूड श्वासांत वास घ्यावा; लांब श्वास घेतला की नाक लगेच सरावते. त्यानंतर वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: दोष पहिल्यांदा केव्हा जाणवला, तो सगळ्या बाटल्यांत आहे की मोजक्या, आणि दिवसागणिक तो वाढतो आहे की ओसरतो आहे. ओसरणारा दोष बहुधा यीस्टचे काम अर्धवट राहिल्याचा असतो, वाढणारा बहुधा जंतूंचा किंवा ऑक्सिजनचा असतो, आणि एखाद्याच बाटलीतला दोष त्या बाटलीच्या स्वच्छतेचा असतो. माझ्या अनुभवात निम्मे निदान या तीन नोंदींतच होते. पाककृतीत दोष असण्याची वेळ फार क्वचित येते.

२. अशी बिअर चुकून प्यायली तर अपाय होतो का? मेथॅनॉलची भीती वाटते.

नेहमीच्या ताकदीच्या बिअरमध्ये अल्कोहोल असते, पीएच ४ ते ४.६ च्या आसपास असतो, हॉप्समधील (बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांमधील) कडू द्रव्ये असतात आणि ऑक्सिजन जवळपास नसतो. या सगळ्यांत माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. त्यामुळे आंबट किंवा दुर्गंधी झालेली बिअर ओतून द्यावीशी वाटेल, पण एका घोटाने काही होत नाही. याला दोन अपवाद आहेत. पृष्ठभागावर रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर चाखू नये. घरी केलेल्या अल्कोहोलविरहित बिअरला हे संरक्षण लागू नाही, कारण तिच्यात अल्कोहोलही नसते आणि पीएचही पुष्कळदा वर राहतो.

मेथॅनॉल मुख्यतः फळांतील पेक्टिनपासून तयार होते. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, बिअरमध्ये ते नगण्य असते, आणि बिअरचे ऊर्ध्वपातन होत नसल्यामुळे ते कोठे साठतही नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे दगावली ती दारूत मिसळलेल्या औद्योगिक मेथॅनॉलमुळे, आंबवण्याच्या क्रियेमुळे नव्हे. घरच्या बिअरचा खरा धोका आहे तो फुटणाऱ्या बाटलीचा. त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

३. पुण्यात किंवा नाशिकमध्ये घरी बिअर करता येईल का?

परवान्याशिवाय नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते का असेना. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या केंद्रीय कायद्याने ही मुभा मिळाली. घरात एक प्रौढ असल्यास वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असल्यास २०० गॅलन, आणि विक्री मात्र मुळीच नाही. अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी त्यासाठी २०१३ साल उजाडू दिले. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. पुढील सर्व उत्तरे, जेथे हे कायदेशीर आहे तेथील वाचकांसाठी आहेत.

४. लोणी कढवताना येतो तसा वास येतो आणि घोट गिळल्यावर जिभेवर ओशट थर राहतो. हे काय आहे?

हा डायअसिटिल. चित्रपटगृहातल्या पॉपकॉर्नचा वासही बव्हंशी त्याचाच असतो. यीस्ट वाढताना स्वतःसाठी व्हॅलिन हे अमिनो आम्ल तयार करते. त्या साखळीतला एक मधला पदार्थ पेशीबाहेर झिरपतो आणि बिअरमध्ये आपोआप डायअसिटिलमध्ये बदलतो. काम संपत आले की तेच यीस्ट हे डायअसिटिल परत शोषून त्याचे जवळजवळ बेचव पदार्थात रूपांतर करते. म्हणजे लोण्याचा वास प्रत्येक बिअरला वाटेत केव्हा ना केव्हा असतोच. आपण घाई करून यीस्ट बाजूला केले, किंवा बिअर फार लवकर थंड केली, की तो मागे राहतो. लिटरला एका मिलिग्रॅमचा दहावा भागही बहुतेकांना जाणवतो.

उपाय साधा आहे. लागर (थंड तापमानात आंबवतात ती बिअर) १० ते १२ अंशांवर आंबत असेल तर घनता (हायड्रोमीटरने मोजतात ती; साखर संपत जाते तशी ती उतरते) अपेक्षित शेवटापासून थोडी वर असतानाच तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत चढू द्यावे आणि दोन-तीन दिवस तेथेच ठेवावे. एल (त्याहून उबदार तापमानात आंबणारी बिअर) असेल तर हायड्रोमीटरचा आकडा स्थिरावल्यावरही तिला तीन दिवस यीस्टवर राहू द्यावे.

बाटल्या भरण्याआधी एक चाचणी मी कधीही चुकवत नाही. झाकणाच्या दोन छोट्या काचेच्या बरण्या घ्याव्यात, दोन्हींत अर्धी-अर्धी वाटी बिअर घालावी, एक ओट्यावर ठेवावी आणि दुसरी ६५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटे धरावी. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून झाकण उघडताक्षणी वास घ्यावा. गरम केलेल्या बरणीत लोणी आले आणि दुसरीत नाही, तर कच्चा माल अजून शिल्लक आहे आणि तो बाटलीत जाऊन डायअसिटिल होईल; थांबावे. दोन्हींत आले तरी थांबावे. कशातच नसेल तर बाटल्या धुवायला घ्याव्यात.

थांबूनही वास वाढत गेला आणि सोबत आंबटपणा आला, तर ते यीस्टचे काम नव्हे, पेडिओकॉकस या जंतूचे आहे (प्रश्न १२).

५. हिरव्या सफरचंदाचा, काहीसा नव्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. पाककृतीत फळ तर नाही.

हा अ‍ॅसिटाल्डिहाइड, साखरेपासून अल्कोहोल होताना लागणारे अलीकडचे स्टेशन. बिअर कोवळी आहे एवढाच त्याचा बहुधा अर्थ असतो. यीस्ट पुरेसे आणि ताजे घालावे: एलसाठी ११ ग्रॅमचे कोरड्या यीस्टचे एक पाकीट, थंड आंबवणाऱ्या लागरसाठी दोन. आणि एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या, पाणी भरलेल्या बुचातले) बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले असे समजू नये. बाटल्यांत आढळल्यास त्या खोलीच्या तापमानाला आणखी दोन आठवडे ठेवून पाहाव्यात. कित्येक महिन्यांनी नव्याने आलेला असेल, तर ते अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण आहे; प्रश्न १० पाहावा.

६. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा किंवा शिजणाऱ्या कोबीचा वास का येतो?

फिकट पिल्सनर माल्टमध्ये एक गंधकयुक्त पूर्वद्रव्य असते, ते तापल्यावर त्यातून डायमिथाइल सल्फाइड सुटते. ते ३७ अंशांनाच उकळते, त्यामुळे भांडे उघडे ठेवून वर्ट (माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस) खदखदून उकळला की वाफेबरोबर निघून जाते. झाकण ठेवले की वाफ झाकणाला लागून परत आत ठिबकते आणि वासही परत येतो. गॅस वाचवण्याची आपली सवय येथे नडते. पिल्सनर माल्ट असेल तर उघड्या भांड्यात ९० मिनिटे उकळावे आणि आच बंद केल्यावर वर्ट लवकरात लवकर थंड करावा, कारण गरम वर्टमध्ये हे द्रव्य तयार होतच राहते, फक्त आता ते बाहेर पडत नाही. गडद माल्ट भट्टीत जास्त तापलेला असल्यामुळे स्टाउट ही काळसर बिअर करणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. तरीही पडला आणि वास कुजक्या भाजीकडे झुकणारा असेल, तर जंतूंचा संशय घ्यावा.

७. दवाखान्यात शिरल्यासारखा, बँड-एडचा किंवा जंतुनाशकाचा वास येतो. एक थेंब डेटॉल पडले असावे असे वाटते.

हा क्लोरोफेनॉल. नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरामिन आणि माल्ट-यीस्टमधील फेनॉल यांच्या संयोगातून तो होतो, आणि अब्जात काही भाग इतकाच असला तरी नाकाला कळतो. थांबून, थंड करून, गाळून तो जात नाही.

सलग दोन बॅचेसना हा वास आला तेव्हा मी आधी यीस्ट बदलले, मग माल्ट बदलला, मग हॉप्सना दोष दिला. पाणी मात्र मी गाळणीतूनच घेत होतो, त्यामुळे त्याच्यावर संशय जाईना. तिसऱ्या वेळी तळघरात भांडे भरता भरता नळीच्या तोंडाशी नाक गेले. गाळणीपासून भांड्यापर्यंत पाणी आणायला मी बागेची हिरवी नळी वापरत होतो. उन्हात तापलेल्या त्या प्लास्टिकला अगदी तोच दर्प होता. पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नळी आणली आणि विषय मिटला.

क्लोरीन उकळल्याने किंवा रात्रभर उघडे ठेवल्याने उडून जाते. क्लोरामिन चिवट असते, आणि पुष्कळ शहरांत हल्ली तेच वापरतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची म्हणजे कॅम्पडेनची एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणून एका बॅचच्या पाण्यात अर्धी गोळी कुटून टाकावी व ढवळावे. काही मिनिटांत दोन्ही निष्प्रभ होतात. भांडी ब्लीचने निर्जंतुक करण्याची पद्धत मी तरी सोडून द्यायला सांगेन. स्टार सॅनसारखे आम्लयुक्त द्रावण लिटरला सुमारे दीड मिलिलिटर या प्रमाणात पुरते आणि नंतर विसळावे लागत नाही.

८. लवंगेचा आणि पिकलेल्या केळ्याचा वास येतो. हा दोष आहे का?

बव्हेरियाची गव्हाची बिअर केली असेल तर हे यशच आहे. तिच्या यीस्टमध्ये माल्टमधील फेरुलिक आम्लापासून लवंगेचा गंध करण्याची क्षमता असते, आणि केळ्याचा गंध आयसोअमाइल असिटेट या एस्टरचा असतो. बेल्जियन यीस्टचेही बरेचसे असेच आहे. पण साध्या पेल एलमध्ये फक्त केळे आले तर बिअर फार उष्ण आंबली (प्रश्न ९), आणि जेथे लवंग यायला नको तेथे ती आली, बिअर पातळ झाली व बाटल्यांत वायू वाढत गेला, तर जंगली यीस्ट किंवा आधीच्या बॅचचे बेल्जियन यीस्ट कोठेतरी लपून बसले आहे. लवंग आणि डेटॉल यांत गल्लत होते: लवंग गोडसर व उबदार असते, क्लोरोफेनॉल टोकदार असतो आणि घशात मागे रेंगाळतो.

९. ५ टक्क्यांचीच बिअर आहे, पण घशाला देशीसारखी जाळते आणि दुसऱ्या दिवशी डोके धरते.

हे जड अल्कोहोल, आणि त्याचे कारण जवळपास नेहमी पहिल्या ७२ तासांतली उष्णता असते. आंबणे ही उष्णता देणारी क्रिया आहे. खोली २२ अंशांवर असली तरी फर्मेंटरच्या (बिअर आंबवण्याच्या भांड्याच्या) आत २५ ते २७ असू शकतात, आणि भिंतीवरच्या तापमापकाला ते ठाऊक नसते. म्हणून तापमापी फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वर फडक्याची घडी बांधावी आणि तो आकडा धरावा. बहुतेक एल यीस्टसाठी १८ ते २० अंश बरे. यीस्ट घालतानाही वर्ट तेवढाच थंड असावा; ३० अंशांवर घालून रात्रीतून गार होईल ही आशा महागात पडते.

वेगळा फ्रिज नसेल तर माठाची युक्ती चालते. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवावा, त्याला जुना सुती पंचा गुंडाळून त्याचे टोक पाण्यात सोडावे आणि समोर पंखा लावावा. कोरड्या हवेत तीन-चार अंश सहज उतरतात. दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंदावते, तेव्हा टबात बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. तेही जमत नसेल तर नॉर्वेच्या शेतघरांत जपलेले क्वाइक यीस्ट घ्यावे. ते ३० ते ३५ अंशांवरही नीटनेटके काम करते. जड अल्कोहोल मुरून फारसे कमी होत नाही, म्हणून हा दोष टाळण्याचाच आहे.

१०. भरली तेव्हा उत्तम होती, दोन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागली.

बिअर शिळी झाली, आणि शिळेपणाचे मूळ बाटल्या भरण्याच्या दिवसात आहे. ऑक्सिजनमुळे जे अनेक पदार्थ तयार होतात त्यांतला ट्रान्स-२-नोनेनल हा पुठ्ठ्याचा. गडद बिअरमध्ये त्याऐवजी शेरीचा किंवा मनुकांचा वास येतो, आणि भरपूर हॉप्सच्या बिअरचा सुगंध आधी जातो, मग रंग मळकट तपकिरी होतो.

येथे एक विरोधाभास नवशिक्यांना गोंधळात टाकतो. यीस्ट घालण्याच्या वेळी थंड वर्टला ऑक्सिजन हवाच असतो, तेव्हा ते भांडे खुशाल घुसळावे. यीस्ट तो काही तासांत संपवते. त्यानंतर मात्र खळखळाट नको. नळीचे टोक भरण्याच्या बादलीच्या तळाशी असावे, बाटलीत वायू धरण्यासाठी लागणारा साखरेचा पाक आधी बादलीत घालून त्यावर बिअर शांतपणे चढू द्यावी, बाटली तळापासून भरावी आणि वर दोन-तीन सेंटिमीटरच जागा सोडावी. वारंवार झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. विरजण लागले का ते बघायला दही ढवळू नये, तसेच हे आहे.

उरलेले काम तापमानाचे. प्रत्येक १० अंशांच्या वाढीमागे शिळे होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. वायू भरेपर्यंतचे दोन आठवडे सोडले तर बाटल्या थंडच राहाव्यात. मित्रांकडे न्यायला गाडीच्या डिकीत टाकलेली पेटी उन्हाळ्यात एका दुपारी महिन्याभराची म्हातारी होते.

११. बाहेर अंगणात ग्लास भरला आणि काही मिनिटांत वास बदलला. असे होऊ शकते का?

होऊ शकते. हॉप्समधील कडू द्रव्ये आणि बिअरमधील रायबोफ्लेविन यांच्यावर निळा व अतिनील प्रकाश पडला की एक गंधकयुक्त संयुग बनते; लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढेच ते नाकाला पुरते. इंग्रजीत त्याला स्कंकचा वास म्हणतात, पण तो प्राणी आपल्याकडे नाही. मला त्यात हिंगाच्या डबीचा उग्रपणा आणि जळक्या रबराचा दर्प असे दोन्ही येतात. खात्री करायची तर एकाच बाटलीतून दोन ग्लास भरावेत, एक उन्हात आणि एक कपाटात २० मिनिटे ठेवावा. तपकिरी बाटली हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारसे नाही, पांढरी (पारदर्शक) मुळीच नाही. पांढऱ्या बाटलीतल्या काही बाजारी बिअरना हे होत नाही, कारण त्यांत रासायनिक बदल केलेला हॉप्सचा अर्क असतो; त्यावरून आपल्या बिअरचा अंदाज बांधू नये.

१२. बिअर आंबट झाली, वर पांढरा पापुद्रा आला आणि बाटली उघडली की कारंजे उडते. संसर्ग झाला का?

आधी सुरक्षितता. बाटल्या फसफसू लागल्या असतील तर हाताळण्यापूर्वी जाड हातमोजे व डोळ्यांना चष्मा लावावा, पेटीवर जाड चादर टाकावी, शक्य तितक्या थंड कराव्यात आणि मगच एकेक उघडावी. काचेचा तुकडा दोष आणि पाककृती यांत भेद करत नाही.

मग कारण. कारंजे उडणाऱ्या प्रत्येक बाटलीत संसर्ग नसतो. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले हायड्रोमीटरचे दोन आकडे सारखे नसताना बिअर भरली असेल, किंवा लिटरला ५ ते ७ ग्रॅमपेक्षा जास्त साखर पडली असेल, तरी हेच होते. पण तेव्हा चव चांगली असते. चव बदललेली असेल तर वासावरून गुन्हेगार ओळखावा. दह्यासारखा गुळगुळीत आंबटपणा लॅक्टोबॅसिलसचा, त्यात लोणी मिसळले असेल तर पेडिओकॉकसचा, नाकात झोंबणारा व्हिनेगर अ‍ॅसिटोबॅक्टरचा असतो. या शेवटच्याला हवा लागते आणि तो पुष्कळदा चिलटांच्या पायांवरून येतो, म्हणून एअरलॉक कोरडा पडू देऊ नये.

निर्जंतुक करूनही संसर्ग परत परत येतो, अशी तक्रार सर्वाधिक येते. त्यावर माझा ठरलेला प्रतिप्रश्न असा: फर्मेंटरची तोटी कधी उघडून पाहिली आहे का? बाहेरून चकचकीत दिसणारी माझी प्लास्टिकची तोटी मी एकदा गरम पाण्यात टाकून पिळून दोन भागांत सोडवली, तेव्हा आतल्या दांड्याभोवती तपकिरी, बुळबुळीत, शिळ्या ताकासारखा वास येणारा गाळ निघाला. वर्षभराच्या सगळ्या बॅचेस त्यातून गेल्या होत्या. घासलेल्या भांड्यालाच कल्हई धरते. तसेच निर्जंतुक करणारे द्रावण गाळावर चालत नाही, आधी तो अल्कधर्मी साबणाने काढावा लागतो. तोटी, रबरी चकत्या, नळ्या आणि भरण्याची कांडी प्रत्येक वेळी सुटी करून धुवावी, आणि ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली धान्य ठेवायला द्यावी.

१३. कडू नाही, पण कच्च्या सुपारीसारखी जीभ आखडते.

हा तुरटपणा, आणि कडवटपणाशी त्याची गल्लत करू नये. कडू ही चव आहे, तुरट हा स्पर्श आहे. माल्टच्या टरफलातील टॅनिन पाण्यात उतरले की तो येतो. मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) धुताना पाणी ७७ अंशांपेक्षा जास्त गरम असणे आणि शेवटच्या पाण्याचा पीएच ६ च्या वर जाणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की टॅनिन सुटते. चहा फार उकळल्यावर होते तेच. पीठ होईपर्यंत माल्ट दळू नये. जांभूळ किंवा दालचिनी घातली असेल तर मात्र तुरटपणा त्यांचा आहे, आणि काही आठवडे थंड ठेवल्याने तो खाली बसतो.

१४. फर्मेंटरमधून सडक्या अंड्यांचा वास येतो. फेकून देऊ का?

नाही. लागरचे यीस्ट आंबताना हायड्रोजन सल्फाइड सोडतेच; कार्बन डायऑक्साइडबरोबर ते निघून जाते. फर्मेंटर थोडा उबदार करावा आणि आठवडाभर वाट पाहावी. फार महिने मेलेल्या यीस्टवर ठेवलेल्या बिअरला येणारा जळक्या रबराचा व मांसाच्या रश्श्याचा वास वेगळा; तो जात नाही.

१५. रक्तासारखी किंवा लोखंडी चव येते.

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात ताक राहिले तर ते कळकते. बिअरही आम्लयुक्त असते, तिचेही तसेच. खात्री करायला एक थेंब मनगटाच्या मागच्या बाजूला चोळावा आणि वास घ्यावा. लोह असेल तर त्वचेच्या तेलाशी संयोग होऊन धातूचा वास लगेच उमटतो. विहिरीचे लोहयुक्त पाणी, टवका उडालेले एनॅमलचे भांडे आणि गंजलेला जोड ही नेहमीची कारणे आहेत. स्टेनलेस स्टील निर्धोक असते. अ‍ॅल्युमिनियमही चालते, फक्त त्यावरचा राखाडी थर तारेच्या घासणीने काढू नये. वर्ट गार करणारी तांब्याची नळीही चालते. ती आधी पुसून घ्यावी.

१६. माल्टचा तयार अर्क वापरतो. प्रत्येक बिअरला तीच काकवीसारखी जडशी चव येते.

द्रवरूप अर्क डब्यात जुना होत जातो, काळवंडतो आणि ती चव देतो. ताजा किंवा भुकटी स्वरूपातला अर्क घ्यावा, निम्मा सुरुवातीला आणि उरलेला उकळी संपण्याच्या दहा मिनिटे आधी घालावा, आणि घालताना आच बंद ठेवावी. नाहीतर तळाला लागून करपट होतो. जुन्या हॉप्सचे असेच आहे. उघड्या पिशवीत राहिलेल्या हॉप्सना पायमोज्यांचा किंवा खवट चीजचा वास येतो. पिशवी उघडताच तो आला तर हॉप्स वापरू नयेत.

१७. मला काहीच वेगळे लागत नाही, पण पत्नी पहिल्याच घोटाला “लोणी” म्हणते. कोणाचे खरे?

बहुधा त्यांचे. प्रत्येक द्रव्यासाठी प्रत्येकाच्या नाकाची संवेदनशीलता वेगळी असते, आणि डायअसिटिल अजिबात न कळणारी माणसे तर चांगल्या परीक्षकांतही आढळतात. त्यातून फर्मेंटरजवळ महिनाभर वावरलेल्याचे नाक सरावलेले असते. तीन ग्लास भरावेत, दोनांत तीच बिअर आणि एकात तशाच प्रकारची बाजारातली चांगली बिअर. न सांगता वेगळा ग्लास ओळखायला सांगावे. तीन-चार वेळा बरोबर आले की वाद संपला. ज्या वासाला आपले नाक आंधळे आहे तो कोणाच्या नाकाने तपासायचा, हे एकदा ठरवून टाकावे.

१८. लोण्याची चाचणी स्वच्छ आली होती; सुके हॉप्स घालून बाटल्या भरल्यावर मात्र लोणी आले आणि वायूही वाढला. हे कसे?

हॉप्समध्ये स्टार्च तोडणारी विकरे थोडी असतात. आंबून झालेल्या बिअरमध्ये भरपूर सुके हॉप्स पडले की ती न आंबणाऱ्या साखरेचे तुकडे करतात, यीस्ट पुन्हा जागे होते, आणि नव्या आंबण्याबरोबर नवे डायअसिटिल येते. याला संसर्ग समजून भांडी फेकून देणारे दोन जण तरी मला माहीत आहेत. हॉप्स घातल्यानंतर घनता पुन्हा दोनदा मोजावी, प्रश्न ४ मधील चाचणी हॉप्स काढल्यानंतर पुन्हा करावी, आणि तोवर बिअर थंड करू नये. हॉप्स १४ अंशांच्या आसपास घालून दोन-तीन दिवसांत काढले तर त्रास बराच कमी होतो.

१९. बिघडलेली बॅच वाचवता येते का?

यीस्टचे अर्धवट काम असलेले दोष, म्हणजे लोणी, हिरवे सफरचंद आणि गंधक, फर्मेंटरमध्ये असतील तर हमखास वाचतात: १८ ते २० अंश, आठवडाभर धीर, आणि गरज पडल्यास दुसऱ्या बॅचमधले जोमात आंबणारे वर्ट अर्धा लिटर. बाटल्यांतही थोडीफार सुधारणा होते. मका, डेटॉल, पुठ्ठा, धातू आणि उन्हाचा वास यांवर उपाय नाही. डेटॉलवाली बिअर दुसऱ्या चांगल्या बिअरमध्ये मिसळून खपवू पाहू नये. एवढ्या कमी प्रमाणात कळणारा वास मिसळून लपत नाही, आणि एकाच्या दोन बॅचेस जातात. स्वच्छ आंबट झालेली, हॉप्स कमी असलेली बिअर मात्र रुंद तोंडाच्या बरणीत फडके बांधून दोन-तीन महिने ठेवली तर माल्टचे बऱ्यापैकी व्हिनेगर होते. ती बरणी फर्मेंटरपासून दूर, शक्यतो दुसऱ्या मजल्यावर ठेवावी.